पाळी

धुळ्याच्या कॉलेजात, तळमजल्यावरच्या खोलीत,
दर दहा मिनिटांनी मी एक नळी बर्फात खोचते.
यीस्टच्या पेशी संध्याकाळी एका रांगेत आणल्यात,
आता सगळ्या बरोबरीने वाढतात, बरोबरीने फुटतात,
निदान पहिली दोन चक्रं.
मग पांगतात, जत्रेतल्या माणसांसारख्या.

भामरे मॅडम म्हणतात, जनुक म्हणजे मजकूर.
मला तसं दिसत नाही.
मला दिसतो पांझरेचा बंधारा,
पाट, पाटाला जागोजाग बारी,
आणि खांद्यावर फावडं टाकून चाललेले
सुकलाल पाटकरी, माझे वडील.

जनुकाच्या अलीकडे एक आखूड तुकडा असतो, प्रवर्तक.
त्याच्यात काही पिकत नाही.
तिथे फक्त ठरतं, सोडायचं का, आणि केव्हा.
एक प्रथिन तिथे आडवं बसलेलं;
पेशी अंगाने भरेपर्यंत
हलत नाही ते.
हललं, की दोनेकशे जनुकं एका दमात वाहू लागतात,
धाग्याची नक्कल करणारी,
नवा धागा गुंडाळायची रिळं घडवणारी.
थोडाच वेळ.
मग ते बारं बंद, पुढचा फड.

"आते तुनी पाळी नही, बैस."
वडील हे सरपंचाच्या उसालाही ऐकवायचे.
त्यांनी एकदा विचारलं, रातभर कसली ड्यूटी गं?
म्हटलं, तुमचीच.

यीस्टचं निराळं, पण माणसाच्या पेशीत
दुभंगायच्या वेळी जवळजवळ सगळा पाट कोरडा पडतो,
गुणसूत्रं आवळून गच्च.
तरी काही प्रथिनं जागची उठत नाहीत.
प्रवर्तकावर बसून राहतात, खूण म्हणून,
दोन्ही लेकींना कळावं
आधी कुठलं बारं उघडायचं ते.

मॅडम हे फळ्यावर काढत होत्या
आणि मला आठवला पांढरा गोटा.
गाळ काढायला पाट बंद झाला, की वडील
तिसऱ्या बाऱ्यावर तो ठेवून यायचे.
का, ते त्यांनी सांगितलं नाही,
आम्ही बहिणींनी विचारलं नाही.
मागच्या महिन्यात जाऊन बघितलं:
पाटात बाभळी. गोटा जागेवर.

फडात आमचं स्वतःचं शेत नव्हतंच कधी.

तीन वाजून वीस. अकरावी नळी.
झाकण नीट बसलंय का,
पुन्हा एकदा दाबून बघते.