कोरडं वजन

बत्तीस वर्षं मी राजाराम बंधाऱ्यावर पट्टी वाचली.
पहाटे पाचला, बॅटरी दातांत धरून,
वहीत फूट आणि इंच.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
माझ्या आकड्यावर चिखली-आंबेवाडीची जनावरं
ट्रॉलीत चढायची.

आता माझी पट्टी वाचतात.
सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेसहाला
चप्पल काढून काट्यावर.
प्रणोती सिस्टर म्हणते, "आबा, दोन किलो आठशे जास्त.
काय खाल्लासा?"
कलिंगडाची एक फोड, मी सांगतो.
अर्धं कलिंगड होतं.

बावन्न किलो हे माझं कोरडं वजन.
म्हणजे काय, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
"पाणी वजा जाता तुम्ही जेवढे उरता, तेवढं."

डाव्या हातात दोन सुया, चार तास.
मनगटाच्या वर शीर घुमते,
सांडव्याखाली उभं राहिल्यावर ऐकू येतं तसं.
रात्री अनुसया तिथं कान लावते.
बोलत काही नाही. चालू आहे का बघते.

शेजारच्या खुर्चीत बाबालाल शिकलगार.
कात्र्या-विळ्यांना धार लावून लावून दंड अजून दगडी.
तो पांढऱ्या रश्श्याचं बोलायचा,
कुणाच्या लग्नात, कुठल्या साली, किती वाट्या,
आणि आम्ही सहाजण डोळे मिटून जेवायचो.
"मामा, गप्प बसा, ह्यांचं बीपी वाढतंय."

घरी सोळा पायऱ्या आहेत.
मशीनवरून परतताना मी पिळलेला पंचा असतो,
नवव्या पायरीवर बसतो.
अनुसयाही बसते, पिशवीतला लसूण काढून सोलते,
जणू तिथंच बसायचं ठरलं होतं.

लेक दाराबाहेर डॉक्टरांना विचारत होती,
मला ऐकू येत नाही असं समजून, अजून किती.
डॉक्टर पोरगेला, पण खोटं बोलत नाही.
म्हणाला, ते मला सांगता येणार नाही.
आठवड्यातले तीन दिवस आम्ही घेतो.
उरलेले चार त्यांना त्यांचे वाटतात का,
ते त्यांनाच विचारा.

कुणी विचारलं नाही.

आखाडात बाबालालनं येणं थांबवलं.
स्वतःच. पोरांना बसवून, समजावून.
घरी पोटभर दोन वाट्या रस्सा प्याला म्हणे.
अकरा दिवस.
त्यातल्या तिसऱ्या दिवशी त्यानं आमची विळी लावली,
पोरगा कागदात गुंडाळून देऊन गेला.
अनुसयानं पहिल्याच कांद्याला बोट कापून घेतलं
आणि बराच वेळ नळाखाली धरून उभी राहिली.

गुरुवारी रिक्षा करून आम्ही बंधाऱ्यावर गेलो.
पट्टीवर नवा पोरगा होता, मोबाईलच्या उजेडात.
"एकोणीस फूट चार," तो स्वतःशीच म्हणाला.
मी म्हटलं, "पाच हाय बघ. लाट खाली जाऊ दे."
त्यानं वाट बघितली. लाट गेली. त्यानं चार खोडलं.

परत फिरताना अनुसया म्हणाली,
नदीकडं बघत, माझ्याकडं नाही,
"उद्या जायाचं का?"

मी लगेच बोललो नाही.
पलीकडं कुणीतरी म्हशी धूत होतं.

"उद्या जाऊ," म्हटलं.
"फुडचं फुडं. पाणी बघून."