शेपटाची गाडी

बारा मोटरसायकली पुढे, तेरावी माझी.
ज्याचं काही तुटेल त्याच्यापाशी थांबायचं,
एवढंच माझं काम.
सगळ्यात पुढे चिउ-लान, आमची गाइड,
तिच्या टाकीवर चिकटवलेलं वेळापत्रक:
दहा चाळीसला पूल, बाराला जेवण.
मधल्या वळणावरचं माझं गाव
त्यात कुठेच नाही.

आई मात्र दर फेरीला रस्त्यावर येते.
बारा मोजते. मग मी.
दोनदा हॉर्न, तिचा हात वर,
आरशात ती, मग नुसता तिचा निळा ॲप्रन,
मग धूळ.

आज त्या उंच नॉर्वेकराची, योस्टाइनची,
क्लचवायर नेमकी तिथेच तुटली.
मी गुडघ्यांवर, हात काळे.
पाहुणे हेल्मेटं काढून मोकळे झालेले,
कुणी चिनशा नदीचे फोटो काढतंय,
कुणी माझ्या आईचे:
सुरकुत्या, टोपली, मागे वाकडं दार.
(बिजागरी मीच बसवली होती.)

तिने सगळ्यांना अक्रोड वाटले.
माझ्यापाशी आली तेव्हा
स्पॅनरकडे बघत म्हणाली,
"मेकॅनिक, वाळलास."
"मावशी, सरका," मी म्हणालो, "ग्रीस लागेल."

काम दहा मिनिटांचं.
मी पंचवीस लावली.

निघताना चिउ-लानने पैसे पुढे केले.
आईने घासाघीस केली,
पाच युआन जास्तच घेतले.

रात्री हॉटेलात हिशेब मांडताना
ती पुटपुटत होती:
क्लचवायर एक. अक्रोड, पस्तीस युआन.
मग वही मिटून, माझ्याकडे न बघता,
"पुढच्या फेरीला
काय तुटणार आहे?"