आठ प्लेटा, सात वाकळा

तेहेतीस वर्षं खांबावर काढली.
निलंगा सबस्टेशन, फीडर नंबर दोन.
सैल दिसलं की आवळायचं,
एवढंच शिकलो. सैल तार माणूस खाते.

आता स्वतःच्या स्लॅबवर आठ प्लेटा.
बसवणारा पोरगा लातूरचा;
म्हणाला, बिराजदार काका,
गोटीएवढ्या गारेला ही काच दाद देत नाही.
महानंदानं विचारलं, अन् लिंबाएवढ्या?
पोरगा मोबाईल बघू लागला.

हरभरा खळ्यावर होता त्या दिवशी
कासारशिरशीकडून आभाळ आलं.
काळं नव्हे,
कळकलेल्या पितळेसारखं हिरवट.

गल्ली पत्र्यांवर धोंडे ठेवायला लागली.
प्लेटेवर धोंडा कसा ठेवणार?
आधी मेन पाडला, सवयीनं,
मग तेराचा पाना घेऊन वर.
एकेक क्लॅम्प. करकचून.
अजून अर्धा आटा. अजून.
वारा अंगातला शर्ट उपसत होता.

महानंदा जिन्यातून वाकळा आणत राहिली.
बाळंतपणातल्या दोन,
लेकीच्या फ्रॉकांची एक,
माझ्या खाकी पँटींची एक, तिला खिसा तसाच शिवलेला.
कासऱ्यानं बांधत गेलो.
सात झाल्या. आठवीला काही उरलं नाही.
ती म्हणाली, लुगडं आणू का धुण्यातलं?
म्हटलं, खाली चल आधी.

पहिली गार दस्तगीरच्या दुकानावर पडली. ठण्ण.
मग मोजणं संपलं.
वाकळांवर धप धप,
कुणी धुणं बडवावं तसं.
उघड्या आठवीवर मात्र टण्, टण्,
आणि फक्त त्याच आवाजाला
महानंदा डोळे मिटायची.

वीस मिनिटं.
पायरीवर घरंगळत आलेली एक गार उचलली.
गोटीपेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान.
पोरगाही खरा नव्हता, हीसुद्धा.

आठवी धुऊन निघालेली. ओरखडा नाही.
खाकी वाकळीखालची तिसरी तेवढी तडकलेली,
कोपऱ्यापासून मधोमध कोळ्याचं जाळं.
कुठं मार नव्हता.
जाळं सुरू होत होतं बरोब्बर क्लॅम्पखालून.
माझा अर्धा आटा.

महानंदानं बोट पुढं केलं.
मनगट धरलं तिचं: हात लावू नको,
उजेड आहे तोवर जिवंत असते ती.
ती काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री गाव अंधारात.
औराद रोडला सहा खांब आडवे.
आमच्या प्लेटांचंही असंच,
लाईन मेली की ह्यांनी गप्प व्हायचं,
खांबावर चढलेल्या कुणाच्या तरी पोरासाठी.
हा नियम मला आवडतो.
मी त्या अंधारात निवांत जेवलो.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. पोरगा फोनवर म्हणाला,
काका, काचेला थोडं हलायला लागतं.
तिसरीची वायर सोडवून बाजूला केली,
बाकीच्या सातांचे आटे सैल करत बसलो.
हात ऐकत नव्हता.

तोवर महानंदानं ओल्या वाकळा,
एकेक रेडकाएवढी जड,
परत प्लेटांवरच पसरल्या. दुसरी जागा कुठाय?
म्हटलं, अगं, लाईट आलीय, मीटर उलटं फिरायचं सोडून बसलंय,
ऊन वाया चाललंय सगळं.

जातंय कुठं, म्हणाली,
वाकळात जातंय.

खाकी खिशातून पाणी ठिबकत होतं
माझ्या चपलेवर.