न्यूट्रल

प्रकाशाहून उखर्डू भोईचा फोन:
गिअर पडतो, आवाज चढतो, नाव जागची हलत नाही.
आणि गिअर काढायला गेलं की इंजिन बंद.
म्हटलं, दादा, मी शहाद्याचा ट्रॅक्टरवाला,
उसाच्या गाड्यांचे गिअरबॉक्स उघडतो.
तो म्हणाला, मग उघड की.

बॅरेजच्या फुगवट्याला, काठच्या चिखलात,
ट्रॉलीवर चढवून ठेवलेली ती.
सोसायटीने लिलावात घेतलेली,
निळ्या रंगाखाली दुसऱ्याच कुठल्या पाण्याचं नाव.
इंजिन पोटात, पाय मात्र पाठीमागे, बाहेर;
घाटाच्या पायरीवर बसून
माणूस पाण्यात पाय सोडतो तसा.

आधी रबराचा भाता पाहिला. चिरा आहेत, भोक नाही.
तळाचा स्क्रू ढिला करून ऑइल बोटावर घेतलं:
काळं, पण दुधाळ नाही.
पाणी आत शिरलं नाही, म्हणालो,
तर उखर्डूदादाने काठावरच्या सेक्रेटरीला
ओरडून सांगितलं, जणू नाव दुरुस्तच झाली.

वरची केबल सोडली. दांडा लोण्यासारखा.
खालची केबल हाताने ओढली:
येते, अडते, मग रागावल्यासारखी येते.
आतली तार गंजून कवचाला धरून बसलेली.
तिच्या शेजारी एक स्विच असतो, नखाएवढा.
गिअर सुटताना दातांत रुतलेले दात मोकळे व्हावेत
म्हणून तो इंजिनाची ठिणगी तोडतो,
पापणी लवते तेवढीच.
केबल जड झाली की तो दाबलेलाच राहतो
आणि पापणी उघडत नाही.
वीस वर्षं क्लच भरतोय मी.
सुटायचं तर आधी क्षणभर विझावं लागतं
हे कुठल्या ट्रॅक्टरने मला सांगितलं नव्हतं.

केबल सुरतेहून आली, तिसऱ्या दिवशी,
बसच्या टपावर, कुणाच्या तरी कोंबड्यांशेजारी.
बसवली. स्विच पुसला.
गिअर पडला, सुटला, पुन्हा पडला, इंजिन चालू.
सेक्रेटरीने नारळ मागवला.

पाण्यात ढकलली. पुढचा गिअर टाकला.
तळव्याला कळलं, दात बसले.
मागे पाणी थोडं उसळलं,
मग इंजिन नुसतंच किंचाळलं
आणि नाव तिथेच,
डोहात बसलेल्या म्हशीसारखी.
नारळ सेक्रेटरीच्या हातात.
उखर्डूदादा टोकाला बांबू मांडीवर घेऊन बसलेला.
‘बांबूले न्यूट्रल नही ऱ्हास, भाऊ.’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या नातीकडून, दीपमालाकडून,
नेलपॉलिशची बाटली मागून घेतली.
पंख्याच्या आतल्या तुंब्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत
एक सरळ लाल रेघ ओढली, फुंकर घालून वाळवली.
ती म्हणाली, दुसरा हात द्यावा लागतो.
दुसरा हात दिला.

सकाळी पाच मिनिटं पूर्ण जोर.
बाहेर काढून पाहिलं:
आतली रेघ गोमाईकडे, बाहेरची रेघ पुलाकडे.
मधलं रबर म्हातारं, कडक, गुळगुळीत.
आतला तुंबा फिरत होता, पाती ऐकत नव्हती,
आणि दोघांना धरून ठेवणारं जे होतं
ते नुसतं गरम होत होतं.
हुंगून पाहिलं. जळका वास, जुनाच.

दोन दुखणी होती.
पहिल्याच्या आवाजात दुसरं लपून होतं.
मी पहिल्यालाच पूर्ण समजून
सोसायटीचे तीन दिवस घेतले.

रबर आता पुढच्या बसने.
तोवर उखर्डूदादा जाळी काढायला बांबूनेच निघाला,
मलाही बसवलं, पलीकडे सोडतो म्हणून.
तो बांबू रोवतो, ढकलतो, उचलतो;
उचललेला असतो तेवढा वेळ
नाव कुणाच्याच हातात नसते, आणि चालते.
हे त्याला मी सांगितलं नाही.

खिशात कच्चं बिल:
केबल एक. स्विच साफ. पंख्याचं रबर, यायचंय.
नेलपॉलिश लिहिली नाही.
बाटली अजून माझ्याच टूलबॉक्समध्ये आहे,
आणि काठावरून दीपमाला
हात हलवतेय की ती मागतेय,
एवढ्या लांबून कळत नाही.