दुपारचाच जातो

"दुपारचाच जातो बगा. रात्री कदी नाय,"
भिकाजी नाटेकर म्हणाला,
घरातल्या कुणाचा ताप सांगावा तसा.

साखरीनाट्याचा बर्फाचा कारखाना.
मे सरत आलेला, मासेमारीबंदी आठवड्यावर,
शेवटच्या फेरीच्या होड्या धक्क्याला लागलेल्या,
तांडेल लाद्यांसाठी ओरडतायत,
आणि कॉम्प्रेसरचा ड्राइव्ह
पडद्यावर 'एफ सात' लिहून गप्प.
एफ सात म्हणजे: अंग तापलंय, आता नाही.

मोटरवर तळहात ठेवला. कोमट.
तिन्ही फेज मोजले:
चारशे आठ, चारशे अकरा, चारशे पाच.
करंट बासष्ट. पाटीवर पंचाहत्तरची मुभा.
हीटसिंक मात्र चौऱ्याण्णव.
पंखा फिरत होता, सरळ, इमानदारीत.

झाकण काढलं.
फटींत मीठ, तेलकट धूळ,
सुंभाचा धागा, माशाचं एक खवलं.
ते इथवर कसं चढलं, त्याचं त्यालाच ठाऊक.
एका स्क्रूपाशी तांबडा डाग,
गंज समजून पुसला.
दात घासायच्या ब्रशने दोन तास उकरत बसलो.
सुरू केला. भिकाजीने चहा सांगितला.

दोन चाळीसला पुन्हा एफ सात.
चहा तसाच.

मालकांचा फोन: नवीनच घेऊ का?
म्हटलं, थांबा, उद्याही इथंच आहे.
रात्रभर तो बिनतक्रार चालला,
मला चिडवत.

सकाळी अकराला सुगंधावहिनी आल्या,
भिकाजीची बायको, काखेत पत्र्याची दोन ताटं.
सवयीने स्टुलावर चढल्या
आणि पॅनेलच्या माथ्यावर,
जिथून गरम वारा सुटतो नेमकं त्या जाळीवर,
ताटं टेकवली.
आमसुलं. पाच पुटं दिलेली, अजून ओलीच.
पॅनेल माझ्या डोक्याहून हातभर उंच.
मी वर बघितलंच नव्हतं.

"आभाळ धरलंय चार दिवस," त्या म्हणाल्या,
"उन्हाचा पत्ता नाय. हितं बरी सुकतात.
तिन्हीसांजेला नेते मी."

भिकाजी लादीवरचं पाणी पायाने सारत राहिला.
त्याला माहीत होतं की नव्हतं,
विचारलं नाही.

ताटं उतरवली.
चौऱ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, मग बराच वेळ ब्याऐंशी,
शेवटी एकाहत्तर.
दोन चाळीस झाले. तीन झाले.
क्रशरखाली टोपल्या भरत गेल्या.

रिपोर्टात लिहिलं: वायुवीजनात अडथळा. दूर केला.
अडथळ्याचा रंग लिहायला रकाना नव्हता.

निघण्याआधी भिंतीला दोन ब्रॅकेट ठोकले,
जाळीपासून दीड हात वर आणि थोडं बाजूला,
त्यावर खोक्याची फळी.
वारा तिथवर पोचतो, पण अडत नाही;
हात धरून दोनदा पाहिलं.
वहिनींनी ताटं नव्या जागी सरकवली,
फळी जरा कलती आहे म्हणाल्या.
होतीच.

अजून दोन पुटं राहिली होती.
एका पुटाला किती वेळ लागतो,
एवढं विचारायचं राहून गेलं.