एक कांड

म्हापशात, नोटरी कुलासोंच्या टेबलावर
बॉलपेनं, स्टीलची पट्टी, एक चहाचा चमचा
ज्यात उभे असतात, ते भांडं बांबूचं आहे.
त्यांच्या आजोबांनी आणलं मकावहून;
तिथं ते कस्टमात कारकून.
परतणारे सगळे चिनी मातीच्या बश्या आणत,
यांनी हे आणलं,
म्हणून घरात चार दिवस अबोला.

वीतभर उंच. काकवीच्या रंगाचं.
वाकड्या देवदाराखाली एक म्हातारा बसलाय,
मागं पोरगा, पोराच्या काखेत गुंडाळी,
आणि सालीच्या जाडीएवढ्याच खोलीत
अख्खा डोंगर दूर गेलेला.
मुद्रांकाचे कागद लावता लावता
सतरा वर्षं मी तो डोंगर बघतोय.

शुक्रवारी सोयरू आला, मुंडकारीच्या कागदांसाठी.
न खपलेली चार सुपं दाराबाहेर भिंतीला टेकवली.
नंबर यायचा होता. न विचारता त्यानं
पेनं टेबलावर ओतली, भांडं उलटं केलं,
नखानं टिचकी मारली, कान लावला.
चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही.
"हो माणगो न्हय. काणकोय न्हय.
पण तोडलाय अवसेला. चांदण्यात तोडला असता
तर भुंग्यानं कधीच पीठ केलं असतं."
पेराचा पडदाच तळ म्हणून राखलाय,
तेही बोटानं दाखवलं. "शाणो मनीस."
कोण, कोरणारा?
"तोडपी."

तळाला चार अक्षरं.
कुलासोबाब चष्मा कपाळावर नेत म्हणाले,
नाव असेल. किंवा गाव.
आमच्यात कुणाला वाचता आलं नाही.

मग त्याचा नंबर आला.
अंगठा शाईत, अंगठा कागदावर:
निळं, गुळगुळीत, बोराएवढं काहीतरी.
एकही रेघ नाही.
"परत." परत तेच.
डाव्या हाताचा? डाव्याचंही तेच.
चाळीस वर्षं कामट्या सोलताना
कुठं गेल्या असतील रेघा?
"सुपांत आसतल्यो," सोयरू म्हणाला
आणि एकटाच हसला.

शेवटी दोन साक्षीदार घ्यायचं ठरलं.
एक मी. सहीसाठी पेन शोधलं,
तर सगळी अजून टेबलावर आडवी
आणि भांडं खिडकीत पालथं, अक्षरं वर.
डोंगर उलटा मी पहिल्यांदाच पाहत होतो.
देवदार खाली लोंबत होता,
पोरगा, गुंडाळी, सगळंच;
म्हातारा मात्र
पडत नव्हता.