गोल की चौकोनी

योएन्सूच्या दुकानात
राकेल आली ती टोपलीत अळंबी घेऊनच.
पावाच्या कडेसारखा रंग, देठाला अजून जंगलातली माती.
खिशातला चाकू काढून
काउंटरवरच एक चिरलं.
म्हणाली, दाखव तुझी सुकवायची यंत्रं.

गोल यंत्राला पंखा तळाशी.
खालचा ट्रे कडकडीत होतो तोवर वरचा दमटच,
मधूनमधून उठून ट्रे खालीवर करायचे.
चौकोनीला पंखा पाठीमागे, पुढे दार, दहा जाळ्या.
वेळ लावा आणि झोपा.
किंमत मात्र दुप्पट.

तिनं अळंबीची चकती दोन ट्रेंच्या फटीत सरकवून पाहिली,
वॉट विचारले,
विजेचा दर तिला तोंडपाठ होता.

मी म्हटलं, चौकोनीच घ्या,
रात्रीचं उठावं लागणार नाही.

"उठतेच रे मी.
दोनला, मग साडेचारला. तीन हिवाळे झाले.
उठून करायला काही नसतं."

गोल खोकं काखोटीला मारून ती गेली.

चकती काउंटरवरच राहिली होती.
संध्याकाळी गल्ला मोजताना दिसली,
हिटरच्या बाजूनं
कडा वळलेल्या,
मधे बोट लावलं तर
अजून ओली.